इस्पितळातला जन्म, इस्पितळातला मृत्यू: नोंद कुणी, कधी आणि कशी करायची

महाराष्ट्रातल्या दोडामार्गची बाई गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, बाळंत झाली, तर बाळाची नोंद कुठे व्हायची? सासरच्या गावात, माहेरच्या गावात, की गोव्यात? हा प्रश्न प्रसूती वॉर्डाच्या दारात सतत विचारला जातो. उत्तर एकच आहे: जिथे जन्म झाला तिथे, म्हणजे गोव्यात. मृत्यूचेही तसेच. सावंतवाडीहून हलवलेला रुग्ण म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात दगावला, तर नोंद म्हापशाच्या निबंधकाकडे, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, होते. माणूस राहतो कुठे याला इथे महत्त्व नाही, घटना कुठे घडली याला आहे. इस्पितळ ज्या पालिकेच्या किंवा पंचायतीच्या हद्दीत उभे आहे तिथला निबंधक, आपला निबंधक. शहरात हे काम पालिकेकडे किंवा महापालिकेकडे असते, खेड्यात पंचायत सचिवाकडे. सगळ्यांच्या वर राज्याचा मुख्य निबंधक असतो आणि गोव्यात ती जबाबदारी नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालयाकडे आहे.

हे लिहिण्यामागे माझा हेतू साधा आहे. नर्सिंग होम, आरोग्य केंद्रे, छोटी प्रसूतीगृहे इथे हे काम कुणाच्या तरी अंगावर पडलेले असते. कधी रिसेप्शनवरच्या मुलीच्या, कधी वॉर्डातल्या सिस्टरच्या, कधी रेकॉर्डरूमच्या कारकुनाच्या. त्यांना कुणी नीट बसवून शिकवलेले नसते. आणि त्यांनी लिहिलेली ओळ त्या बाळाच्या शाळेपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे जाते.

कायदा कुणाला धरतो

जन्म आणि मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. २०२३ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. कलम ८ सांगते की घरी जन्म किंवा मृत्यू झाला तर माहिती देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची, आणि इस्पितळ, आरोग्य केंद्र, प्रसूतीगृह, नर्सिंग होम अशा ठिकाणी झाला तर तिथल्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याची किंवा त्याने नेमून दिलेल्या माणसाची.

म्हणजे 'पंचायतीत जाऊन नोंद करून घ्या' असे बाळंतिणीच्या नवऱ्याला सांगून मोकळे होता येत नाही. कळवायचे काम इस्पितळाचे. न कळवल्यास दंड आहे आणि २०२३ च्या दुरुस्तीत तो वाढवलाही आहे. पण मला दंडापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलाला शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी आणि आधार यांसाठी जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. पूर्वी दाखला चुकला तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निभावून जायचे. आता तो आडोसा राहिलेला नाही.

पहिली पायरी: माणूस नेमा, लेखी नेमा

प्रभारी डॉक्टरने एका व्यक्तीला आणि तिच्या गैरहजेरीत दुसऱ्या एकीला लेखी आदेशाने अधिकार द्यावा. आदेशाची प्रत सही-शिक्क्याच्या नमुन्यासह निबंधकाकडे द्यावी. ऑनलाइन पोर्टलवर नोंद करत असाल तर इस्पितळाचे लॉगिन त्याच माणसाच्या हाती असावे. नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाच्या मोबाइलवर ओटीपी जात राहतो आणि इकडे दिवस निघून जातात. हे होऊ नये म्हणून माणूस बदलला की त्याच दिवशी नंबर बदला.

दुसरी पायरी: कोणत्या घटनेला कोणता फॉर्म

जिवंत जन्माला फॉर्म १. मृत्यूला फॉर्म २. मृतजात बालकाला फॉर्म ३. इस्पितळातल्या मृत्यूचे कारण लिहायला फॉर्म ४, आणि घरी झालेल्या मृत्यूचे कारण डॉक्टरने लिहायचे असेल तर ४-ए. जुळे असेल तर दोन फॉर्म, प्रत्येकाची वेळ वेगळी.

गोंधळ होतो तो मृतजात आणि जन्मून गेलेले बाळ यांत. गर्भ २८ आठवड्यांचा किंवा त्याहून मोठा असेल आणि बाहेर आल्यावर जिवंतपणाची कसलीच खूण नसेल, तर ते मृतजात: एकच फॉर्म ३. पण बाळाने एक जरी श्वास घेतला, हृदयाचा ठोका लागला, नाळेत स्पंदन दिसले किंवा स्नायू हलले, तर तो जिवंत जन्म आहे, मग ते पाच मिनिटांत गेले तरी. अशा वेळी जन्माचा फॉर्म १ भरायचा आणि मृत्यूचा फॉर्म २ सुद्धा. 'आई-बापांना दोन कागद कशाला' या दयेपोटी त्याची नोंद मृतजात म्हणून करणे चूक आहे. ते मूल जगले होते आणि त्याच्या आईला तसा कागद मिळायचा हक्क आहे. शिवाय राज्याचा अर्भकमृत्यूचा आकडा याच फॉर्मांवरून निघतो.

रात्रीच्या प्रसूतीत तारखेकडे लक्ष द्या. १२ वाजून १० मिनिटांनी जन्मलेले बाळ दुसऱ्या तारखेचे. केसपेपरवर दाखल झाल्याची तारीख छापलेली असते आणि झोपेतल्या हातून तीच फॉर्मवर उतरते. लेबररूमच्या घड्याळाची वेळ, बाळाच्या मनगटाची पट्टी, लेबररूम रजिस्टर आणि फॉर्म, या चारही ठिकाणी एकच तारीख व एकच वेळ हवी.

तिसरी पायरी: नावे लिहिणे, आणि इथे घाई नको

सगळ्या कामातला अर्धा त्रास नावांतून येतो, आणि गोव्यात तर जास्तच.

देसाई घ्या. इंग्रजीत कुणाच्या घरी एक 'एस', कुणाच्या घरी दोन. गावकर कुणी 'ओ' घालून लिहितो, कुणी 'यू' घालून. नाईक कुणाच्या शेवटी 'के', तर जुन्या पोर्तुगीज वळणाने कुणाच्या शेवटी 'क्यूयूई'. कानाने ऐकून लिहिलेले आडनाव बरोबर निघेल याची काहीच खात्री नाही. ख्रिस्ती कुटुंबांत दोन-तीन नावे जोडून येतात, मध्ये 'दे' किंवा 'दा' असतो, आणि पासपोर्टवर ते सगळे असते तर आधारवर एकच असते.

हिंदू घरांत आणखी एक पेच. लग्नात सुनेचे नाव बदलण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. सासरी सगळे तिला एका नावाने ओळखतात, आधारवर माहेरचे दुसरे असते. सासूबाई पुढे होऊन सासरचे नाव सांगतात, आई खाटेवर गप्प असते. अशा वेळी खाटेजवळ जा आणि तिला स्वतःला विचारा: 'ताई, तुमचं नाव कागदावर कसं आहे?' आणि कागद बघा. आधार, पासपोर्ट, विवाह नोंदणीचा दाखला यांपैकी जे असेल ते. तिन्हींत तीन नावे निघाली तर पुढे कोणता कागद चालवणार हे नवरा-बायकोला तिथेच ठरवू द्या. तुम्ही ठरवू नका. नवरा जहाजावर किंवा आखातात असेल तर त्याच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागवून घ्या. फोनवर स्पेलिंग ऐकून लिहू नका.

माझा आग्रह असा: फॉर्म आधी पेन्सिलने किंवा साध्या कागदावर भरा, मराठीत आणि इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला दाखवा, अक्षर-अक्षर वाचून घ्या, तिची सही घ्या. मग पक्का फॉर्म. हा कच्चा कागद केसपेपरला टाचून ठेवा. पाच मिनिटे जातात. डिस्चार्जच्या दिवशी बिल, गाडी आणि बाळाचे दुपटे यांच्या धांदलीत हेच काम केले तर चूक ठरलेलीच.

बाळाचे नाव अजून ठेवलेले नसते, बारसे बाराव्या दिवशी किंवा त्याही नंतर. म्हणून नोंद थांबवायची नाही. नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद होते. नंतर १२ महिन्यांपर्यंत आई-वडील विनाशुल्क नाव घालू शकतात, त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. 'बेबी ऑफ अमुक' असे मात्र नावाच्या रकान्यात कधीही लिहू नका. तेच नाव होऊन बसते आणि मग पालकांना दुरुस्तीसाठी फिरावे लागते. घाईघाईत सांगितलेले घरगुती लाडनावही नको. आई-बापांना सांगा, ठरले नसेल तर रिकामे ठेवूया.

पत्त्याचेही दोन रकाने नीट समजून घ्या. बाळंतपणाला बाई माहेरी आलेली असते. 'आईचे नेहमीचे राहण्याचे ठिकाण' या रकान्यात ती एरवी जिथे राहते ते गाव येते, बाळंतपणासाठी आली ते गाव नव्हे. काणकोणची मुलगी वाळपईला दिली असेल आणि मडगावात बाळंत झाली असेल, तर जन्मस्थळ मडगाव आणि आईचे राहण्याचे गाव वाळपई.

फॉर्मचे दोन भाग असतात. कायदेशीर भाग रजिस्टरमध्ये जातो, सांख्यिकी भाग वरती पाठवला जातो. सांख्यिकी भागात आईचे वय, लग्नाच्या वेळचे वय, शिक्षण, कितवे मूल, प्रसूतीचा प्रकार, बाळाचे वजन, गर्भाचे आठवडे हे विचारलेले असते. 'दाखल्यावर येत नाही' म्हणून हा भाग अंदाजपंचे भरला जातो. वजन आणि आठवडे केसपेपरवर लिहिलेलेच असतात, तिथून उतरवा. आई-वडिलांचे आधार क्रमांक असतील तर घ्या. आधार नाही म्हणून नोंद अडवू नका.

वडिलांचे नाव नसेल तेव्हा

एकट्या किंवा अविवाहित आईच्या बाळाची नोंद तिच्या नावावर होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितले आहे की अशा आईला जन्मदाखला नाकारता येणार नाही, तिचे प्रतिज्ञापत्र पुरेसे आहे. २०२३ च्या दुरुस्तीतही अशा जन्मांची दखल घेतली आहे. वडिलांचा रकाना रिकामा राहू द्या. तिच्यावर प्रश्नांची सरबत्ती करू नका, नातेवाइकांनी सुचवलेले कुणाचे तरी नाव भरू नका. भरलेले नाव पुढे काढणे महाकठीण असते. आई अठरा वर्षांखालची असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याखाली पोलिसांना कळवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. पण ते वेगळे काम आणि बाळाची नोंद हे वेगळे, दोन्ही व्हायलाच हवीत.

गोव्यात बांधकामावर, मासळीच्या जेटीवर, हॉटेलांत काम करणारी परराज्यांतली कुटुंबे खूप आहेत. त्यांच्या बायका इथल्या आरोग्य केंद्रांत आणि जिल्हा इस्पितळांत बाळंत होतात आणि काम संपले की कुटुंब गावी निघून जाते. मग दाखल्यासाठी दीड-दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून परत कोण येणार? या लोकांचा फॉर्म सगळ्यात आधी पाठवा आणि कुठल्या पंचायतीत किंवा पालिकेत नोंद गेली ते डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून द्या. वाचता येत नसेल तर तोंडी समजावून सांगा. परदेशी नागरिकांच्या बाळाचीही, मृत्यूचीही नोंद अशीच होते. नाव मात्र पासपोर्टवरचे, जसेच्या तसे.

चौथी पायरी: मृत्यू, आणि कारणाचा कागद

इस्पितळात मृत्यू झाला की फॉर्म २ बरोबर फॉर्म ४ लागतो. २०२३ पासून सर्व वैद्यकीय संस्थांना मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र मोफत देणे बंधनकारक आहे. ते शेवटच्या आजारात उपचार केलेल्या डॉक्टरने सही करून निबंधकाकडे पाठवायचे आणि एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची. बिल थकले म्हणून हा कागद अडवता येत नाही.

फॉर्म ४ मध्ये सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे पहिल्याच ओळीत 'हृदयक्रिया बंद पडून' लिहून सही. हृदय प्रत्येकाचेच शेवटी बंद पडते. ती मरण्याची रीत झाली, मरणाचे कारण कळलेच नाही. भाग १ च्या ओळी वरून खाली वाचायच्या असतात. 'ए' मध्ये लगेचचे कारण, 'बी' मध्ये ते कशामुळे झाले, 'सी' मध्ये त्याच्याही मुळाशी काय होते. समजा ५८ वर्षांचा मधुमेही माणूस पायाला गँगरीन होऊन गेला. ए: रक्तातला जंतुसंसर्ग, ३ दिवस. बी: उजव्या पायाचे गँगरीन, ३ आठवडे. सी: मधुमेह, १५ वर्षे. भाग २ मध्ये उच्च रक्तदाब, म्हणजे ज्याने हातभार लावला पण जो साखळीत नाही. प्रत्येक ओळीसमोर किती काळ होता तेही लिहायचे. आकडेवारी सर्वांत खालच्या ओळीवरून निघते, म्हणून मधुमेह न लिहिला तर राज्याच्या हिशेबात मधुमेहाने गेलेला माणूस दिसतच नाही. संक्षेप टाळा. तीन इंग्रजी अक्षरांचे दोन अर्थ लागतात.

बाई प्रजननवयातली असेल तर ती गरोदर होती का, प्रसूतीच्या वेळी किंवा त्यानंतर ६ आठवड्यांत गेली का, हा रकाना कधीच कोरा सोडू नका. तंबाखू, सुपारी, दारूच्या सवयीचे रकाने नातेवाइकांना हळुवारपणे विचारून भरा, पण मृतदेह ताब्यात देण्याच्या क्षणी नव्हे. ते भरती करतानाच्या इतिहासात घेतलेले असावे.

नातेवाइकांची एक भीती असते, आजाराचे नाव दाखल्यावर येईल का? येत नाही. निबंधक जो मृत्युदाखला देतो त्यात कारण छापले जात नाही. हे समजावून सांगितले की 'डॉक्टर, ते नका लिहू' हा आग्रह थांबतो. आणि मृतदेह नेताना वॉर्डातून दिलेली चिठ्ठी म्हणजे मृत्युदाखला नव्हे, हेही सांगा. पुष्कळजण ती चिठ्ठी जपून ठेवतात आणि बँकेत जाऊन परत येतात.

मृतावस्थेत आणलेल्या माणसाच्या बाबतीत कॅज्युअल्टीच्या डॉक्टरने अंदाजाने फॉर्म ४ भरू नये. वेळ, 'मृतावस्थेत आणले' हा शेरा, कुणी आणले, कुठून आणले, हे रजिस्टरमध्ये लिहा. अपघात, बुडणे, विषबाधा, संशयास्पद किंवा कारण न कळलेला मृत्यू असेल तर पोलिसांना कळवा. पुढे पंचनामा, शवचिकित्सा. अशा केसमध्ये अहवाल येईपर्यंत नोंद थांबवण्याची गरज नाही. कारणासमोर 'तपास प्रलंबित' लिहून मुदतीत नोंद होते. किनाऱ्यावर बुडालेल्या पर्यटकाचे कुटुंब दुसऱ्या दिवशी विमानाने परत जाणार असते. त्यांना कोणता कागद कुठून मिळेल हे एका कागदावर लिहून देणे फार मोठी मदत ठरते.

रुग्णवाहिकेत किंवा कुठल्याही धावत्या गाडीत जन्म वा मृत्यू झाला, तर गाडीच्या प्रभारी माणसाने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी माहिती द्यायची असते. १०८ च्या गाडीत घाटात बाळंत झालेली बाई तुमच्या दारात पहिल्यांदा उतरली, तर वेळ आणि ठिकाण गाडीच्या नोंदवहीतून उतरवून घ्या. फॉर्मवर तुमच्या लेबररूमची वेळ टाकू नका.

पाचवी पायरी: २१ दिवस, आणि त्यानंतर

घटनेपासून २१ दिवसांत माहिती गेली पाहिजे. २१ दिवस उलटले आणि ३० च्या आत असेल तर विलंब शुल्क. ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत, जिल्हा निबंधकाची किंवा ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटले की जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश. दर पायरीला खेपा वाढतात आणि त्या खेपा इस्पितळाला नाही, पालकांना घालाव्या लागतात. म्हणून २१ दिवस ही इस्पितळाने शेवटची मर्यादा समजावी, कामाची मुदत नव्हे. जन्माचा फॉर्म डिस्चार्जच्या आधी आणि मृत्यूचा दुसऱ्या कामाच्या दिवशी, हे जमण्यासारखे आहे.

नोंद झाल्यावर ७ दिवसांत दाखला देणे आता निबंधकावर बंधनकारक आहे आणि तो पहिला दाखला मोफत असतो. तो इस्पितळात आला तर पालकांना फोन करा. कपाटात पडून राहिलेला दाखला कुणाच्याच उपयोगाचा नाही.

चूक निघालीच तर

निबंधकाच्या रजिस्टरमधली मूळ नोंद कुणी खोडत नाही. समासात दुरुस्ती लिहिली जाते, तारीख आणि सहीसह. पालक दुरुस्तीला गेले की निबंधक इस्पितळाचे पत्र मागतो. तेव्हा तुमचा केसपेपर, लेबररूम रजिस्टरची ओळ आणि आईच्या सहीचा तो कच्चा कागद काढा. चूक आपल्या हातून झाली असेल तर तसे पत्रात सरळ लिहा: 'आमच्या नोंदीनुसार नाव असे आहे, फॉर्ममध्ये लिपिकाच्या चुकीने तसे गेले.' यामुळे पालकांचे काम लवकर होते. पण रेकॉर्डमध्ये जे नाही ते पालकांच्या विनंतीवरून लिहून देऊ नका. शाळाप्रवेशासाठी तारीख दोन महिने मागे-पुढे करायची विनंतीही येते. नम्रपणे नाही म्हणा. निबंधकाच्या निर्णयावर समाधान नसेल तर पालकांना ३० दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते, हेही त्यांना सांगा.

पोर्तुगीज काळातल्या जुन्या नोंदी शोधत कुणी आजोबांच्या जन्मासाठी तुमच्याकडे आले, तर त्यांना नागरी निबंधकाच्या कार्यालयात पाठवा. ती दफ्तरे तिथे आहेत, इस्पितळाच्या रेकॉर्डरूममध्ये वेळ घालवायला लावू नका.

महिनाअखेरचा ताळा

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लेबररूम रजिस्टर आणि वॉर्डांची मृत्यू रजिस्टरे घेऊन बसा. लेबररूम रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा: 'नोंदणी क्रमांक व तारीख'. निबंधकाकडून क्रमांक आला की तो तिथे लाल शाईने चढवायचा. जिवंत जन्म अधिक मृतजात ही बेरीज पाठवलेले फॉर्म १ अधिक फॉर्म ३ या बेरजेइतकीच यायला हवी. जुळ्यांची ओळ दोनदा मोजली आहे ना, ते बघा. नवजात कक्षात गेलेली बाळे तपासा, कारण त्यांचा मृत्यू दुसऱ्या मजल्यावरच्या रजिस्टरमध्ये असतो आणि जन्म खालच्या.

ज्या ओळींसमोर क्रमांक नाही त्यांची यादी करा, दोन प्रती. सचिवाकडे दोन पंचायतींचा कारभार असेल तर तो कुठल्या दिवशी कुठे बसतो ते आधी विचारा. यादी घेऊन स्वतः जा, फॉर्म पोहोचले नसतील तर कार्यालयीन प्रतीवरून त्याच वेळी पुन्हा द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन या.